तीनशे शेळ्या आणि एक होडी: लांब कादंबरी किती वेगानं वाचावी?

मागच्या दोन व्याख्यानांत आम्ही सर्वान्तेसच्या काळाविषयी बोललो. त्यानंतर श्रोत्यांकडून जे प्रश्न आले, ते बहुतेक दोनच होते. एक, ‘हे एवढं मोठं पुस्तक किती दिवसांत संपवावं?’ आणि दोन, ‘आम्हाला स्पॅनिश येत नाही, तर अनुवादातून वाचून काय हाती लागणार?’ विचारणाऱ्यांना हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. आम्हाला तो एकच प्रश्न वाटतो, आणि आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी नावाचं उरकून घेऊ. मराठीत आपण ‘डॉन क्विक्झोट’ म्हणत आलो. स्पॅनिश माणूस आज ‘दोन किहोते’च्या जवळपास काहीतरी म्हणतो. सर्वान्तेसच्या काळात त्या मधल्या अक्षराचा उच्चार ‘श’कडे झुकणारा होता, म्हणून फ्रेंचांच्या तोंडी ते नाव ‘किशॉत’ झालं. म्हणजे नावातच अनुवादाचं भांडण आहे. आम्ही ‘किहोते’ म्हणणार, तुम्ही काहीही म्हणा.

पुस्तकाचा पहिला भाग १६०५ साली माद्रिदला छापला गेला, त्यात ५२ प्रकरणं. दुसरा भाग १६१५ साली, त्यात ७४. एकूण १२६. कोणताही पूर्ण इंग्रजी अनुवाद घ्या, हजार पानांच्या आसपास जातो. आता पवनचक्क्यांचा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. ज्यानं पुस्तक हातात धरलेलं नाही त्यालाही माहीत असतो. तो प्रसंग पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणात येतो आणि दीड-दोन पानांत संपतो. हजार पानांतली दोन पानं! तेवढ्यावर जगभर या माणसाची ओळख चालली आहे. एखाद्या घरात बारा दालनं असावीत आणि पाहुण्यानं उंबऱ्यावरून आत डोकावून ‘बघितलं घर’ म्हणावं, तशातला प्रकार.

हल्ली वाचनाचं मोजमाप पानांत करतात. रोज पन्नास पानं, महिन्याला चार पुस्तकं, वर्षाला पन्नास. मोजण्याला आमची हरकत नाही. न मोजता माणूस आळशी होतो. पण आपल्याकडे वाचनाच्या गतीला फार बारकाईनं नावं दिलेली आहेत, हे आपण विसरलो. चाळणं वेगळं, डोळ्यांखालून घालणं वेगळं. सात दिवसांत ग्रंथ पुरा करतात ते पारायण. एका ओवीवर कीर्तनकार दोन तास उभा राहतो ते निरूपण. आणि या दोन्हींच्या मधे एक तिसरी रीत आहे, तिला फारसं भारदस्त नाव नाही: रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर पोथीचा एक अध्याय. वाचणारा एक, ऐकणारे घरचे सगळे. चातुर्मासात ती रीत घरोघर असे.

किहोतेसाठी आम्ही ही तिसरी रीत सुचवतो, आणि हे आमचं मराठी लाड म्हणून नाही. पुस्तकातच पुरावा आहे. पहिल्या भागाच्या बत्तिसाव्या प्रकरणात खानावळवाला सांगतो की सुगीच्या दिवसांत, सणाच्या सुट्टीला कापणीवाले त्याच्याकडे जमतात. त्यांतला कुणीतरी अक्षरओळख असलेला वीरकथांचं पुस्तक हातात घेतो आणि तीसहून जास्त माणसं त्याच्याभोवती बसून ऐकतात. दुसऱ्या भागातल्या सहासष्टाव्या प्रकरणाचं शीर्षकही वाचणाऱ्यासाठी आणि ऐकणाऱ्यासाठी असं दोघांसाठी आहे. म्हणजे लेखकानं हे लिहिलं ते कानासाठीसुद्धा. कानाचा वेग डोळ्यापेक्षा कमी असतो, आणि कानाला पान उलटून पुढं जाता येत नाही, बरं का. रोज एक प्रकरण धरलं तर १२६ दिवस होतात. चार महिने आणि वर काही दिवस. चातुर्मासच झाला.

आता ज्या प्रकरणासाठी हे सगळं चाललं आहे तिथं येऊ. पहिला भाग, विसावं प्रकरण.

रात्र आहे. काळोख इतका की काही दिसत नाही. किहोते आणि सांचो एका माळरानावर पाणी शोधत आले आहेत, आणि कुठूनतरी धाड धाड असा भयंकर आवाज येतो आहे. लोखंडाच्या साखळ्या खुळखुळल्यासारखाही काही आवाज आहे. किहोते म्हणतो, मी जाऊन बघतो, हे साहस माझ्यासाठीच राखलेलं आहे. सांचोची घाबरगुंडी. तो गुपचूप रोसिनान्तेचे मागचे पाय बांधून टाकतो. घोडा हलेना. मग मालकाला सांगतो, बघा, देवाचीच इच्छा नाही. उजाडेपर्यंत थांबणं भाग पडतं. वेळ घालवायला सांचो गोष्ट सांगायला लागतो.

गोष्ट अशी: लोपे रुईस नावाचा एक शेळ्या राखणारा. त्याचं तोर्राल्बा नावाच्या मुलीवर प्रेम. पुढं तिरस्कार वाटायला लागतो, म्हणून तो आपल्या शेळ्या घेऊन पोर्तुगालकडे निघतो. वाटेत ग्वादियाना नदी, तिला पूर. एक कोळी भेटतो, पण त्याची होडी एवढीशी की तिच्यात एक माणूस आणि एक शेळी मावणार. शेळ्या तीनशे. कोळी एक शेळी पलीकडे सोडतो, परत येतो. दुसरी नेतो, परत येतो. सांचो मालकाला बजावतो की किती शेळ्या गेल्या याचा हिशोब नीट ठेवा, एक जरी चुकली तरी गोष्ट संपली. थोड्या वेळानं किहोतेचा धीर सुटतो. तो म्हणतो, सगळ्या गेल्या असं समज आणि पुढं चल, असा येत-जात राहिलास तर वर्षभरात संपायचं नाही. सांचो विचारतो, आतापर्यंत किती गेल्या? किहोतेला काय ठाऊक! झालं. गोष्ट तिथंच संपते, पुढचं सांचोला खरोखरच आठवत नाही.

लोक हे वाचून हसतात आणि पुढं जातात. हसावंच. पण वेगवान वाचनाविषयी याहून नेमकं कुणी काही लिहिलेलं आमच्या वाचनात नाही. किहोते इथं काय मागतो? त्याला सारांश हवा आहे. ‘सगळ्या गेल्या असं समज’ हे प्रत्येक संक्षिप्त आवृत्तीचं ब्रीद आहे. आणि सांचोचं उत्तर असं की सारांश काढलास तर गोष्ट उरतच नाही, कारण गोष्ट म्हणजे ते येणं-जाणंच. शिवाय बघा, ही गोष्ट सांगण्याचं कारणच रात्र सरावी हे होतं. पटकन संपली असती तर तिचा उपयोग काय? बेर्गसाँनं १९०७ साली साखरपाण्याचं जे उदाहरण दिलं ते इथं आठवतं: साखर विरघळेपर्यंत थांबावंच लागतं, आणि ते थांबणं गणितातल्या वेळेसारखं लांबवता-आखडता येत नाही, ते आपल्या अधीरतेशी जोडलेलं असतं. बेर्गसाँच्या तीनशे वर्षं आधी सांचोनं ते शेळ्यांवर सांगून ठेवलं.

ही गोष्ट सर्वान्तेसची नव्हे. बाराव्या शतकात आरागोनमधल्या पेत्रुस आल्फोन्सीनं लॅटिनमध्ये अरबी वळणाच्या कथांचा एक संग्रह केला, त्यात ती मेंढ्यांची म्हणून आहे. तिथं राजा ऐकतो आहे आणि गोष्ट सांगणाऱ्याला झोप आली आहे. सर्वान्तेसनं त्यात घातली ती मोजणी, ऐकणाऱ्यावरची जबाबदारी. आपल्या कापूसकोंड्याच्या गोष्टीत ऐकणारा काहीही म्हणाला तरी फसतो. इथं तो मोजायचं सोडतो म्हणून फसतो. फरक मोठा आहे.

आता अनुवादाकडे वळू, कारण तो याच प्रकरणात दडलेला आहे. सांचोची सांगण्याची ढब अशी की प्रत्येक वाक्याचं शेपूट पुढच्या वाक्याच्या तोंडात. एका गावात अमुक होता, त्या अमुकचं नाव तमुक, तो तमुक हिच्यावर भाळला, ती ही म्हणजे त्याची मुलगी. किहोते वैतागतो आणि म्हणतो, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगू नकोस. सांचोचं म्हणणं, आमच्याकडे गोष्टी अशाच सांगतात, मला दुसरी रीत येत नाही आणि आपण नवी रीत मागू नये. इंग्रजी अनुवादकाला इथं घाम फुटतो. नीटनेटक्या इंग्रजीत ही पुनरुक्ती चूक वाटते, म्हणून त्याला ती मुद्दाम वेडीवाकडी करून दाखवावी लागते. मराठी अनुवादकाला काहीच करावं लागणार नाही. ‘आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या, त्या राण्यांपैकी’ ही चाल आपल्या चातुर्मासाच्या कहाण्यांनी घराघरात रुजवलेली आहे. सांचो हा कहाणी सांगणारा आहे. त्याला गावठी बोली देऊन विनोदी करण्याची गरज नाही, त्याला कहाणीची चाल द्या.

त्याच प्रकरणात पुढं उजाडतं. तो भयंकर आवाज पाण्यावर चालणाऱ्या सहा लाकडी हातोड्यांचा निघतो, लोकरी कापड कुटून घट्ट करणारे हातोडे. सांचो पोट धरून हसतो, वर मालकाची रात्रीची वीरश्रीची भाषा त्याच्याच सुरात म्हणून दाखवतो. किहोते भाल्यानं दोन तडाखे देतो आणि मग बोलायला लागतो. आता इथं कान देऊन ऐका. एरवी तो सांचोला एकेरीत ‘तू’ म्हणतो, सांचो त्याला ‘व्हुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे आपण ज्याला ‘आपण, सरकार’ म्हणू तसं. पण या रागाच्या क्षणी किहोते ‘तू’ सोडून ‘व्होस’वर जातो. तो त्या काळी मधला, काहीसा अवघडलेला प्रकार होता, आदराचा राहिलेला नव्हता. मालक दूर गेला, नातं थंड झालं, हे एका सर्वनामात कळतं.

इंग्रजीत आज एकच ‘यू’. ऑर्म्सबीनं १८८५ साली अनुवाद केला तेव्हा त्याच्या हाताशी जुना एकेरी ‘दाऊ’ होता, त्यानं तो वापरला. ईडिथ ग्रॉसमननं २००३ साली तो सोडला आणि सांचोच्या तोंडचा आदर तेवढा ‘युअर ग्रेस’ म्हणून ठेवला. तिचा अनुवाद वाचायला सुरेख चालतो, भरभर चालतो, आणि आमची तक्रार हीच आहे. जिथं स्पॅनिशमध्ये ठेच लागते तिथं तिच्या इंग्रजीत सपाट रस्ता लागतो. मराठीत तू, तुम्ही, आपण, तिन्ही शाबूत आहेत. शिवाय रागानं आदर वाढवण्याची आपली घरगुती रीत आहेच. पोरगा रात्री अकराला दार वाजवतो आणि बाप म्हणतो, ‘या, रावसाहेब, या!’ त्या ‘या’चा मार कसा असतो ते इथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. किहोतेचं ते वाक्य मराठीत एका ‘या’वर उभं राहील. मूळ भाषेपासून आपण लांब आहोत असं आपण उगीच धरून चालतो. इंग्रजी आणि स्पॅनिश शेजारी असून या बाबतीत मराठी स्पॅनिशच्या जास्त जवळ आहे.

मुळात हे पुस्तकच स्वतःला अनुवाद म्हणवतं. आठव्या प्रकरणाच्या शेवटी किहोते आणि एक बास्क माणूस तलवारी उगारून उभे आहेत आणि गोष्ट तुटते, कारण म्हणे पुढची हकिगत उपलब्ध नाही. नवव्या प्रकरणात लेखक तोलेदोच्या बाजारात हिंडतो. एक पोरगा जुनी बाडं विकायला आणतो, ती अरबीत. वाचायला कुणी धर्मांतरित मुसलमान शोधावा लागतो. तोलेदोत तसा माणूस शोधायला वेळ लागत नाही. बाड निघतं ते सिदे आमेते बेनेनहेली या अरब इतिहासकारानं लिहिलेल्या किहोतेच्या चरित्राचं. लेखक अर्ध्या रेआलला सगळी बाडं घेतो आणि त्या माणसाला अनुवादाला बसवतो. मोबदला: दोन आरोबा मनुका आणि दोन फानेगा गहू. मनुका साधारण तेवीस किलो धरा. अट एकच, काही गाळायचं नाही, काही घालायचं नाही. त्या माणसानं दीड महिना आणि वर थोडे दिवस घेऊन काम पुरं केलं.

हा कल्पनेतला वेग झाला. खरा वेग ऐका. पहिला इंग्रजी अनुवादक टॉमस शेल्टन. त्याचा पहिला भाग १६१२ साली छापला गेला, आणि अर्पणपत्रिकेत तो सांगतो की मित्राच्या आग्रहाखातर चाळीस दिवसांत मी हे काम केलं. पाचेक वर्षं ते बाड पडून होतं. ५२ प्रकरणं, चाळीस दिवस! ऑर्म्सबीसारख्या चिकित्सकांनी त्याच्या चुका काढल्या आहेत आणि त्या आहेतच. पण घाईनं त्याला एक गोष्ट दिली: तो त्याच काळातला माणूस, त्याच्या इंग्रजीला धाप लागते तशी मूळ गोष्टीलाही लागते. उलट १७०० सालचा मॉत्यू बघा. त्यानं सावकाशीनं जागोजागी विनोद पेरले, जणू सर्वान्तेसचे पुरेसे नव्हते. तो अनुवाद आम्हाला सोसत नाही. हसवण्यासाठी थांबणारा अनुवादक हा दुप्पट घाई करणारा असतो, कारण तो वाचकाला स्वतः हसायला वेळ देत नाही.

मग चार्ल्स जार्व्हिस. हा माणूस व्यवसायानं चित्रकार, खरं नाव जर्व्हस. त्याचा अनुवाद त्याच्या मृत्यूनंतर १७४२ साली आला आणि छापताना आडनाव बदललं ते कायमचं. या चित्रकाराच्या इंग्रजीवरून पुढं काय घडलं ते सांगतो, कारण त्याचा शेवटचा धागा आपल्या पुण्यात आहे. बॉस्टनचे कार्ल टिल्डन केलर हे किहोतेचे अनुवाद जमवणारे संग्राहक. त्यांनी ऑरेल स्टाइन यांच्यामार्फत काश्मीरच्या दोन पंडितांकडून, नित्यानंद शास्त्री आणि जगद्धर जाडू यांच्याकडून, पहिल्या भागातली आठ प्रकरणं संस्कृतात करून घेतली. हे काम १९३०च्या दशकातलं, १९३७ साली पुरं झालेलं. पंडितांपुढे स्पॅनिश नव्हतं, जार्व्हिस होता. हस्तलिखित हार्वर्डला जाऊन पडलं. ते द्रागोमीर दिमित्रोव्ह यांनी संपादित केलं आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ग्रंथमालेत २०१९ साली प्रसिद्ध झालं. जवळपास ऐंशी वर्षं! सर्वान्तेसनं थट्टेत अरबीहून स्पॅनिश अशी एक पायरी रचली; इतिहासानं त्यावर इंग्रजी आणि संस्कृत अशा दोन खऱ्या पायऱ्या चढवल्या.

म्हणून कुणी ‘मी मूळ वाचत नाही’ असं ओशाळून म्हणतो तेव्हा आम्हाला त्याची समजूत घालावीशी वाटते. या पुस्तकात मूळ नावाची वस्तू अरबीत आहे आणि ती कुणीच पाहिलेली नाही. पण त्याचा अर्थ काहीही चालेल असा नाही. दुसऱ्या भागात त्या मनुकावाल्या अनुवादकाची गंमत बघा. पाचव्या प्रकरणात तो कुरकुरतो की इथं सांचो आपल्या अकलेबाहेरचं बोलतो आहे, हे प्रकरण बनावट असावं, तरी कर्तव्य म्हणून करतो. अठराव्या प्रकरणात दोन दिएगोच्या घराचं साद्यंत वर्णन येतं, आणि इथं तो सरळ ते वगळतो, बारीकसारीक गोष्टींची कथेला गरज नाही म्हणून. ठरलेली अट मोडली! मनुका खाऊन झाल्या होत्या. त्या सुखवस्तू शेतकरी-सरदाराच्या घरात काय काय होतं ते आपल्याला कधीच कळणार नाही, एक तेवढी शांतता सोडून, जी किहोतेला फार आवडली.

अर्थात, सर्वान्तेसला घाईचा वाचक ठाऊक होता. दुसऱ्या भागाच्या चव्वेचाळिसाव्या प्रकरणात तो कबूल करतो की पहिल्या भागात मधेच घातलेल्या स्वतंत्र कथा लोक किहोतेकडे जाण्याच्या ओढीनं घाईत किंवा कंटाळून ओलांडून जातील, म्हणून या वेळी त्या घातल्या नाहीत. आमचं प्रामाणिक मत विचाराल तर तेहेतीस ते पस्तीस ही ‘नसता जिज्ञासू’ची कथा आम्हालाही जड जाते. ती भरभर वाचा, पाप लागणार नाही. पण दुसऱ्या भागातला ड्यूकच्या वाड्यातला मोठा मुक्काम भरभर वाचू नका. तो लांबतो, अंगावर येतो, रिकामटेकडे श्रीमंत एका म्हाताऱ्याची पुन्हा पुन्हा चेष्टा करतात आणि वाचणाऱ्याला पहिल्या दिवशी हसू येतं, दहाव्या दिवशी येत नाही. हा बदल घडायला दहा दिवस लागतात. एका बैठकीत सगळं वाचलं तर आपण ड्यूकच्याच बाजूला बसलेलो राहतो.

बार्सेलोनाच्या छापखान्यात किहोते स्वतः एका अनुवादकाला भेटतो आणि अनुवाद म्हणजे फ्लेमिश नक्षीपट उलट्या बाजूनं बघणं, आकृती दिसते पण दोरे लोंबतात, असं काहीसं सांगतो. हे उदाहरण सगळे देतात. पुढचं कुणी देत नाही: तो अनुवादक हजार दुकातांच्या फायद्याची गणितं मांडत असतो आणि किहोतेसारखा वेडा त्याला व्यवहार शिकवतो. ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश तत्त्वज्ञानं १९३७ साली, म्हणजे आपले पंडित काश्मिरात ते काम पुरं करत होते त्याच वर्षी, अनुवादावर निबंध लिहिला. त्याचा मुद्दा असा की अनुवाद म्हणजे मूळ कृती नव्हे, कृतीकडे जाणारी वाट; आणि एका कृतीला वाटा अनेक असू शकतात. नक्षीपटापेक्षा आम्हाला हे जास्त पटतं. वाटेला वेग असतो, पटाला नसतो.

एका श्रोत्यांनी विचारलं होतं, आमचं वय झालं, आता हजार पानांचं पुस्तक सुरू करावं का. आम्हीही सत्तरी ओलांडलेली आहे, त्यामुळे प्रश्न कुठून येतो ते समजतं. सर्वान्तेसनं पहिला भाग छापला तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता, दुसरा छापला तेव्हा अडुसष्टीला टेकलेला, आणि पुढच्याच वर्षी, १६१६च्या एप्रिलमध्ये गेला. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या प्रकरणात किहोते शुद्धीवर येतो, आपलं खरं नाव सांगतो आणि मृत्युपत्र करतो. तेव्हा सांचो रडत म्हणतो की मरू नका, उठा, मेंढपाळ होऊन रानात जाऊ. हाच सांचो पहिल्या भागात बेटाच्या लोभानं घर सोडून आला होता. सारांशात वाचलं तर हे एक वळण आहे. १२५ प्रकरणं रोज एक याप्रमाणे ऐकून झाल्यावर तिथं पोचलात, तर सांचोबरोबर चार महिने काढलेले असतात, त्याच्या म्हणींचा कंटाळा येऊन गेलेला असतो, आणि मग तो माणूस रडतो.

अनुवाद कोणता घ्यावा, हे सांगून थांबतो. मोठ्यानं वाचायचं असेल तर ऑर्म्सबी. जुना आहे, सगळं ठेवणारा आहे, आणि इंटरनेटवर फुकट मिळतो. एकट्यानं डोळ्यांनी वाचणार असाल तर ग्रॉसमन. सांचोचा विनोद नीट ऐकायचा असेल तर जॉन रदरफर्ड, २००० सालचा. ज्यांना हिंदी जवळची वाटते त्यांच्यासाठी विभा मौर्य यांनी थेट स्पॅनिशवरून केलेला हिंदी अनुवाद आहे. पुढच्या वेळेपर्यंत पहिल्या भागाची एकविसापर्यंतची प्रकरणं वाचून या, आणि विसाव्यात शेळ्या मोजा. आम्ही विचारणार आहोत.